चिऱ्याच्या जुन्या घराचा गिलावा : दर आणि दिवस कसे ठरवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बारा वर्षं पुण्यात इमारतींचं प्लास्टर केलंत आणि आता गावी, राजापूरकडे परत आलात. ऐंशीएक वर्षांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर पहिलंच काम म्हणून हाती येतंय. मालक मुंबईला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत ते पंधरा दिवस येणार, तेवढ्यात आतून-बाहेरून गिलावा व्हावा असं त्यांचं म्हणणं आहे, आणि चौरस फुटाचा दर ते फोनवरच मागताहेत. दर काय सांगू, माणसं किती लावू?

फोनवर दर सांगू नका. मी तीस वर्षं जुन्या घरांचीच कामं करतोय, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान फोनवर सांगितलेल्या दरानंच झालंय. विटांच्या नव्या भिंतीत क्षेत्रफळ कळलं की काम कळतं, कारण जाडी ठरलेली असते. आत १२ मिलिमीटर, बाहेर १८-२०. जुन्या दगडी घरात क्षेत्रफळ मालकालाही टेपनं काढता येतं, पण त्यावरून काहीच कळत नाही. तिथे जाडी मोजायची आणि दिवस मोजायचे. चौरस फुटाचा दर अगदी शेवटी, मालकाला समजावा म्हणून काढायचा.

पहिली भेट अख्ख्या दिवसाची ठेवा आणि तिचे पैसे घ्या. काम मिळालं तर ते बिलातून वळते करून द्या. सोबत ओळंबा, लाइनदोरी, लोखंडी पट्टी, हलका हातोडा, टॉर्च आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर एवढंच लागतं. प्रत्येक भिंत हातोड्यानं हलकं ठोकत फिरा. खणखणीत आवाज आला तर जुना गिलावा धरून आहे, भद्द आवाज आला तर सुटलाय. त्या जागी खडूनं गोल करा. कपाटं, फोटो, कॅलेंडर बाजूला करून बघा, कारण घरचे लोक सगळ्यात खराब जागीच कपाट लावतात. दाराखिडक्यांवर आडवी लाकडं असतात, त्यांत स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय, आणि ते काम गिलाव्याच्या आधीचं आहे.

मग दोरी. भिंतीच्या दोन टोकांना, सगळ्यात पुढे आलेल्या दगडापासून १० मिलिमीटर सोडून, दोरी ताणा आणि दर दोन फुटांवर पट्टीनं दोरी ते भिंत अंतर लिहीत चला. खाली, मधे, वर अशा तीन रेषांत. मागच्या वर्षी एका माजघराच्या चौदा फुटांच्या भिंतीवर मला १० पासून ६२ मिलिमीटरपर्यंत आकडे मिळाले, सरासरी ३४. डोळ्यांना ती भिंत सरळच दिसत होती, कारण आजवरच्या सफेदीच्या थरांनी सगळे कोपरे गोल करून टाकले होते.

त्याच माजघराचा हिशोब मांडतो. खोली १२ × १४ फूट, उंची ९ फूट. दाराखिडक्यांची वजावट करून धरू ४४० चौरस फूट, म्हणजे ४.४ ब्रास. मीटरमध्ये ४०.९ चौरस मीटर. विटांच्या भिंतीसारखा १२ मिलिमीटर गिलावा असता तर ओला माल लागला असता सुमारे १७ घनफूट. ३४ मिलिमीटरनं तोच होतो ४९ घनफूट. खोदलेल्या दर्जांसाठी, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांसाठी, दहा टक्के आणि खाली सांडणाऱ्या मालासाठी दहा टक्के धरले की ५९. क्षेत्रफळ तेच, माल साडेतीन पट. वजनात हा जवळजवळ तीन टन ओला माल झाला, आणि तो घमेल्या-घमेल्यानं कुणीतरी परांचीवर चढवायचा आहे. मजुरीचा घोळ इथे होतो, रेतीच्या बिलात नाही.

म्हणून मालकाला दर सांगण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: भिंत सरळ हवी की भिंतीच्या अंगानं जाणारा गिलावा चालेल? भिंतीच्या अंगानं म्हणजे दगडाचे खड्डे भरायचे, टोकं झाकायची, पण भिंतीचा मूळचा पोट-बाक तसाच ठेवायचा. त्याच खोलीत असा गिलावा सरासरी १८ मिलिमीटरवर भागला आणि माल ३१ घनफुटांवर आला. जवळजवळ अर्धा. शिवाय जुन्या मातीच्या जुडाईच्या (दगड मातीत बसवलेल्या) भिंतीवर दीड टन वजन कमी पडलं, ते वेगळं. मला स्वतःला हाच गिलावा आवडतो. संध्याकाळी कंदिलाच्या किंवा बल्बच्या तिरक्या उजेडात अशी भिंत जिवंत वाटते, आणि ओळंब्यात आणलेली भिंत त्या वाकड्या वाशांखाली परकी दिसते. पण घर मालकाचं आहे. कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचे दोन नमुने करून दाखवा, एक सरळ, एक अंगानं जाणारा, आणि दोन्हींचा दर पुढे ठेवा. दहातले आठ मालक दुसरा निवडतात. जिथे ओट्याची फरशी किंवा भिंतीतलं कपाट बसायचंय, तेवढीच भिंत सरळ करून द्या.

आता मजुरी. खोली तीच, गिलावा भिंतीच्या अंगानं, चुन्याचा, तीन थरांत. जुना गिलावा खरवडणं, दर्जा पाऊण इंच खोदणं आणि राबिट (पडलेला जुना माल) बाहेर टाकणं यात चार बिगारी-दिवस गेले. दर्जा आणि खड्डे भरायला दोन गवंडी, दोन बिगारी. पहिल्या थराला तीन आणि तीन, दुसऱ्यालाही तीन आणि तीन. नीरूच्या, म्हणजे बारीक चुन्याच्या गुळगुळीत थराच्या, शेवटच्या हाताला चार गवंडी आणि दोन बिगारी, कारण तिथे घाई केली की केसासारख्या चिरा पडतात. खिडकीच्या बगला (भिंतीच्या जाडीतल्या आतल्या बाजू) आणि दोन कोनाडे यांना दोन गवंडी, एक बिगारी. परांची बांधणं-हलवणं, जमीन झाकणं, पाणी मारणं, झाडलोट यांत आणखी चार बिगारी. बेरीज १४ गवंडी-दिवस आणि १९ बिगारी-दिवस. समजा गवंड्याची हजेरी ₹१,००० आणि बिगाऱ्याची ₹७००, तर मजुरी ₹२७,३००, म्हणजे चौरस फुटाला ₹६२. तुमच्या गावची हजेरी वेगळी असेल, ती घाला; दिवस मात्र फारसे बदलणार नाहीत. यात माल, वाहतूक, परांचीचं भाडं, तुमची देखरेख आणि नफा काहीच नाही. या यादीतली शेवटची ओळ, परांची ते झाडलोट, नवे ठेकेदार हमखास विसरतात. ती एकटीच दहा टक्के आहे.

खिडक्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुम्ही सरकारी पद्धतीनं मोजमाप शिकलेले आहात. मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकाच्या १२ व्या भागाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट करतात. दुसरी बाजू बगलांच्या बदल्यात सोडलेली असते. नऊ इंची भिंतीत हे बरोबर जमतं. चिऱ्याची भिंत मात्र अठरा-वीस इंचांची असते. ३ × ४ फुटांची खिडकी घ्या: न वजा केलेले १२ चौरस फूट तुम्हाला मिळाले. चौकटीचे चार इंच सोडले तरी सोळा इंच बगल चारही बाजूंनी करायची, परीघ १४ फूट, म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस फूट. शिवाय आत-बाहेर मिळून २८ फूट कोर (कडेची धार) मारायची, आणि कोर हे सगळ्यात संथ काम. अशा दहा खिडक्या असल्या तर ६५ चौरस फूट गिलावा आणि २८० फूट कोर फुकट होते. म्हणून मी बगला, कोनाडे आणि कमानी गिलाव्यात धरतच नाही. प्रत्येक नगाचा वेगळा दर लिहितो. कोनाड्याचा दर ऐकून एखादा मालक म्हणतो, मग बुजवूनच टाका. तेव्हा मी त्यांना सांगतो की दिवा ठेवायला त्यांच्या पणजोबांनी केलेली जागा आहे ती, राहू दे. बहुतेक वेळा राहते.

सिमेंट की चुना, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दर त्यावरच उभा आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. पाणी पितो आणि सोडतो. जुन्या घरांना जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, जुडाई मातीची किंवा चुन्याची. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते म्हणूनच ती भिंत टिकलेली असते. त्यावर कडक सिमेंट चढवलं की वाट बंद होते, आणि ओल सिमेंटच्या वरच्या कडेनं बाहेर पडते. लांज्याजवळच्या एका घरात मी हे पट्टीनं मोजलंय. आधीच्या ठेकेदारानं ओल दिसली म्हणून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा पट्टा मारला होता. चार पावसाळ्यांनी ओल साडेचार फुटांवर गेली होती, आणि पट्ट्याच्या वर खार फुटून जुना गिलावा बोटानं पिठासारखा पडत होता. पट्टा काढला तर मागच्या चिऱ्याचा दर्शनी अर्धा इंच त्याच्याबरोबर निघून आला. त्या मालकांनी पट्ट्याचे पैसे दिले होते, पट्टा काढायचे दिले आणि मग चुन्याचे दिले. म्हणून मातीच्या जुडाईच्या घराला सिमेंटचा गिलावा करायला मी नकार देतो. काम गेलं तरी चालेल. जिप्सम किंवा पीओपीही तिथे नको, ओल लागली की ते फुगतं आणि सुटतं.

चुन्याला मात्र आगाऊ तयारी लागते. पूर्वी किनाऱ्याला शिंपल्यांचा चुना भाजायचे, घाटावर चुनखडीचा. आता कळीचा (न विझवलेला) चुना पोत्यांतून येतो. तो हवाबंद पोत्यातला ताजाच घ्या, हवा लागून पीठ झालेला घेऊ नका. खड्ड्यात किंवा टाकीत भरपूर पाणी घेऊन त्यात चुना टाकायचा, उलटं करायचं नाही. तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे नसलेला माणूस मी टाकीजवळ उभा राहू देत नाही. चांगल्या कळीतून किलोला दीड ते दोन लिटर लोणी, म्हणजे विझलेल्या चुन्याचा मऊ लगदा, निघतं. ते पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या. न विरलेला बारीकसा खडा गिलाव्यात गेला तर महिन्यांनी भिंतीतच फुगतो आणि पैशाएवढी टिकली उडवतो. माल साधारण एक भाग लोणी, तीन भाग रेती. रेती मालाच्या घनफुटांएवढीच धरा, लोणी त्याच्या एक तृतीयांश. ओलीच्या भागात रेतीचा काही भाग काढून विटांची सुरखी (भुकटी) घाला. तागाचे बोटभर तुकडे पहिल्या दोन थरांत. गूळ, हिरडा, बेलाचा गर हे जुने जाणकार वापरत आले आहेत आणि मीही गूळ-हिरड्याचं पाणी वापरतो, पण मुरलेला चुना आणि स्वच्छ रेती नसेल तर गूळ काही करणार नाही. खाडीची रेती घेऊ नका. तिच्यातलं मीठ भिंतीत जातं आणि पुढची कित्येक वर्षं हवेतली ओल ओढत राहतं. क्रश सँड घेतली तर डस्ट चाळून काढा.

थरांमधली वाट हा वेळापत्रकाचा कणा आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई करता येत नाही. एक थर दहा-बारा मिलिमीटरच्या वर नको. नखानं रेघ उठावी पण बोट रुतू नये, इथवर आला की पुढचा. पहिल्या थरानंतर निदान आठवडा, दुसऱ्यानंतर आठ-दहा दिवस. या काळात पाण्याचा फवारा हलका मारायचा, पाइप लावून भिंत धुवायची नाही. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगायचं. चिऱ्यावर काम करताना आदल्या संध्याकाळी भिंत पोटभर भिजवावी लागते, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते. कधी घाटावरचं काम घेतलंत, साताऱ्याकडचं वगैरे, तर तिथला काळा दगड याच्या अगदी उलट. तो पाणी पीत नाही, गिलाव्याला धरायला दर्जांशिवाय काही नसतं. तिथे दर्जा इंचभर खोदायच्या आणि पहिला थर थापीनं जोरात फेकून मारायचा. खोदाईचे दिवस दुप्पट धरा.

तर गवंड्यांचं काम त्या माजघरात दोन माणसांना सात दिवसांचं, पण दिनदर्शिकेत ते माजघर महिनाभर अडकलेलं असतं. एकाच खोलीचं काम असेल तर तुमची माणसं चार वेळा येणार-जाणार, त्याचा खर्च त्या एका खोलीवर. पाच खोल्या असतील तर एक खोली वाळते तोवर दुसरीत थर चढतो, कुणी रिकामं बसत नाही. म्हणून एका खोलीचा चौरस फुटाचा दर पूर्ण घराच्या दरापेक्षा जास्त असणं रास्त आहे, आणि मालकाला ते कारणासकट सांगा. लोक समजून घेतात.

मे महिन्यात पंधरा दिवसांत हे होणार नाही. हे त्यांना आजच स्पष्ट सांगा. मेमध्ये तुमच्याकडच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि चुना विझवणं, भिंत भिजवणं, फवारा मारणं या सगळ्याला पाणी लागतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात येतो, त्याआधी वळीव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसाला बाहेरचा चुना महिनाभराचा कोवळा देऊन चालत नाही. मी उलट दिशेनं मोजतो. बाहेरचं काम मार्चच्या मध्याला संपलं पाहिजे. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात जुना गिलावा उतरवायचा आणि भिंती महिनाभर उघड्या टाकायच्या, पावसाळ्यात प्यायलेलं पाणी सोडू द्यायचं. त्याच आठवड्यात चुना टाकीत. डिसेंबरच्या मध्याला आतला पहिला थर, जानेवारीअखेर आत नीरू, फेब्रुवारीत बाहेर. शिमग्याला गावात कुणी थापी हातात धरत नाही, ते दिवस आधीच वजा करा. तुमचे गवंडी विजापूर-बागलकोटकडचे असतील तर त्यांचे सणही विचारून घ्या. पाडव्याच्या सुमाराला सफेदी. मालक मेमध्ये येतील ते तयार घरात.

दिवाळीआधी त्यांच्याकडून तीन कामं करून घ्या, नाहीतर काम सुरूच करू नका. कौलं परतून घेणं, पन्हळ दुरुस्त करणं, आणि भिंतीला लागलेली माती काढणं. पिढ्यान् पिढ्या अंगण सारवून, भराव घालून बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती फूटभर खाली नेली की बरीच ओल गिलाव्याशिवायच कमी होते. विजेच्या वायरी भिंतीत जायच्या असतील तर त्या गिलाव्याआधी, हेही लेखी.

बाहेरून गिलावा हवाच का, हे त्यांना विचारा. चिरा चांगला असेल तर बाहेर नुसत्या चुन्यानं दर्जा भरणं पुरतं. खर्च बराच कमी आणि भिंत मोकळी राहते. तुमच्या बिलातून मोठी रक्कम जाईल, तरीही विचारा. मला अशा सल्ल्यानंतर त्याच वाडीत आणखी दोन घरं मिळाली.

कागदावर तीन भाग करा. मोजता येतं ते काम ठरलेल्या दरानं. बगला, कोनाडे नगावर. आणि गिलाव्यामागे जे दिसेल ते, म्हणजे सुटलेले दगड, पोकळ जुडाई, कुजलेलं लाकूड, हे हजेरीवर, फोटो पाठवून आणि मालकाची हो आल्यावरच. या तिसऱ्या भागासाठी त्यांनी एकूण रकमेच्या पंधरा टक्के बाजूला ठेवावेत असं लिहा. लागले नाहीत तर त्यांचेच. मालक लांब राहतात म्हणून हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा: तीस टक्के चुना आणि रेती पडल्यावर, मग खरवडून भिंत मोकळी झाल्यावर, दुसऱ्या थरानंतर, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा संपल्यावर. त्या शेवटच्या हप्त्यासाठी एका गवंड्याचा आणि एका बिगाऱ्याचा एक दिवस आजच दरात धरा. नवरात्रात जायचं, हातोडा घेऊन पुन्हा सगळ्या भिंती ठोकायच्या, केसचिरा चुन्याच्या निवळीनं भरायच्या. चुन्याचं थोडं लोणी त्यासाठी डब्यात पाण्याखाली ठेवून, झाकण लावून त्यांच्याच माळ्यावर सोडून या.